शब्द कोण टाकणार?

1720 सालच्या डिसेंबरात इंग्लंडमधला एडवर्ड टॅलबट हा तरुण धर्मगुरू देवीच्या आजाराने अंथरुणाला खिळला. आपण यातून उठत नाही हे उमगल्यावर त्याने वडिलांना तीन मित्रांची नावं सांगितली आणि त्यांचं भलं पाहा अशी गळ घातली. वडील विल्यम टॅलबट हे सॉल्झबरीचे बिशप होते. मुलगा गेला तेव्हा सून गरोदर होती. पाच महिन्यांनी तिला मुलगी झाली. तिचं नाव कॅथरीन ठेवलं.

ते तीन मित्र म्हणजे जोसेफ बटलर, थॉमस सेकर आणि मार्टिन बेन्सन. बटलर हा वाँटेज गावातल्या कापडव्यापाऱ्याचा मुलगा. घराणं प्रेसबिटेरियन, म्हणजे राजमान्य चर्चच्या बाहेरचं. सेकरचं घरही तसंच. दोघे पोरवयात एकाच विद्यालयात शिकले होते आणि पुढे अँग्लिकन चर्चमध्ये आले होते. बुद्धी होती, विद्या होती, पण या नव्या घरात त्यांच्या पाठीशी कोणी नव्हतं. अशा माणसाने अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कुठल्या तरी खेड्यात तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या नावचं चर्च सांभाळायचं आणि तिथेच म्हातारं व्हायचं, हा शिरस्ता होता.

बिशप टॅलबटने मुलाला दिलेला शब्द पाळला. पुढच्याच वर्षी त्याची बदली डरहॅमला झाली आणि त्या श्रीमंत बिशपच्या हातात द्यायला भरपूर जागा आल्या. बटलरला आधी हॉटन आणि मग 1725 साली स्टॅनहोप मिळालं. स्टॅनहोपच्या हद्दीत शिशाच्या खाणी होत्या, त्यामुळे तिथल्या पाद्र्याचं उत्पन्न भलतंच मोठं. सेकर त्या सुमाराला वैद्यकी शिकत होता. तो ती सोडून धर्मगुरू झाला आणि 1724 साली त्याला हाऊटन-ल-स्प्रिंग हे पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, मिळालं. पुढे त्याने बेन्सनच्या बहिणीशी लग्न केलं. एडवर्ड टॅलबटची विधवा आणि लहानगी कॅथरीन या दोघी सेकरच्याच घरी राहायला आल्या आणि 1768 साली तो वारला तोपर्यंत त्याच घरात राहिल्या. सेकर तेव्हा कँटरबरीचा आर्चबिशप होता, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला सर्वोच्च धर्माधिकारी. ज्याच्या शब्दावर आपण उभे राहिलो त्याच्या बायकोमुलीला या माणसाने जन्मभर अंतर दिलं नाही. शिफारशीच्या इतिहासात लाचारी आणि सौदेबाजी भरपूर सापडते, म्हणून ही एक कृतज्ञता आधीच नोंदवून ठेवावीशी वाटते.

बटलरचं मात्र काही वर्षं घोडं अडलं. स्टॅनहोपमध्ये पैसा होता, पण ते लंडनपासून फार दूर. सेकर राजाच्या पदरी धर्मोपदेशक झाला तेव्हा त्याने राणी कॅरोलाइनच्या कानावर मित्राचं नाव घातलं. राणीचा समज असा की बटलर केव्हाच वारला. तिने यॉर्कच्या आर्चबिशपला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की वारला नाही, पण पुरला गेलाय खरा. हा किस्सा इंग्रजी चर्चच्या इतिहासात पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो. 1736 साली राणीने बटलरला आपल्या सेवेत बोलावून घेतलं. रोज संध्याकाळी ती त्याच्याशी धर्मतत्त्वांवर चर्चा करी. पुढच्या वर्षी ती वारली आणि जाताना बटलरला विसरू नका असं सांगून गेली. 1738 साली तो ब्रिस्टलचा बिशप झाला. त्याच्या आयुष्यात दोनदा वाट उघडली आणि दोन्ही वेळा ती मरणशय्येवरच्या माणसाने उघडली.

ब्रिस्टल ही सगळ्यांत गरीब गादी. ती स्वीकारताना बटलरने पंतप्रधान वॉलपोलला नाराजी कळवली. दोन वर्षांनी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथिड्रलचं डीनपद, म्हणजे तिथलं प्रमुखपद, देऊन ती भरपाई झाली आणि 1750 साली डरहॅमची गादी आली. ती देताना अमुक एकाला अमुक जागा द्याल ना, अशी विचारणा आधीच झाली. बटलरने आगाऊ वचन द्यायला साफ नकार दिला. शिफारशीवर वर आलेला माणूस सौद्याला नाही म्हणाला, हे मला त्याच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांइतकंच मोलाचं वाटतं.

मुळात हे वाटपाचे हक्क आले कुठून? फार पूर्वी इंग्लंडमधल्या जमीनदारांनी आपापल्या जमिनीवर चर्च बांधली, पाद्र्याच्या पोटासाठी शेत तोडून दिलं आणि पाद्री कोण नेमायचा हे स्वतःच ठरवलं. हा हक्क जमिनीबरोबर वारसांकडे जात राहिला. 1164 साली राजा दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन इथे जी कलमं जाहीर केली, त्यातलं पहिलंच कलम असं होतं की नेमणुकीच्या हक्काचे वाद धर्मपीठापुढे न जाता राजाच्या न्यायालयात चालतील. म्हणजे हा हक्क मालमत्ता ठरला. तो वारसाने मिळे, आंदण दिला जाई, गहाण पडे, लिलावात विकला जाई. आपल्याकडच्या वतनाशी त्याची जात जुळते. फरक एवढाच की वतनदार स्वतः काम करी वा गुमास्ता ठेवी, इथे मालकाने दुसऱ्यालाच बसवायचं. हक्कदाराने सहा महिन्यांत कोणाचं नाव दिलं नाही, तर त्या खेपेपुरता अधिकार बिशपकडे जाई. आलेलं नाव बिशपला सहसा मान्यच करावं लागे.

अठराव्या शतकात अशा जागा दहा हजारांहून जास्त होत्या आणि निम्म्याहून अधिक नेमणुकांचा हक्क खासगी लोकांकडे होता. बाकीचे राजा, लॉर्ड चान्सलर, बिशप, कॅथिड्रल आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजं यांच्यात वाटलेले. पाद्र्याला दशांश कर मिळे, राहायला घर मिळे, आणि एकदा बसला की त्याला जन्मभर कोणी हलवू शकत नसे. ज्याला हे मिळत नसे तो बदली पाद्री म्हणून राबे. 1713 च्या कायद्याने अशा पाद्र्याचा वार्षिक पगार वीस ते पन्नास पौंडांच्या दरम्यान असावा असं ठरवलं. त्याच कायद्याने धर्मगुरूंना स्वतःसाठी पुढची नेमणूक विकत घ्यायची बंदी केली. पण ही बंदी धर्मगुरूंपुरती होती, त्यांच्या नातेवाइकांवर ती नव्हती. जेन ऑस्टेनच्या वडिलांचंच पाहा. त्यांना स्टीव्हन्टनचं पॅरिश एका श्रीमंत नातलगाकडून मिळालं आणि शेजारचं डीन चुलत्याने विकत घेऊन दिलं. तिच्या कादंबऱ्यांमध्ये पाद्र्याची नेमणूक इतक्या सहज बोलण्यात येते, त्याचं कारण तिच्या घरचं मीठच त्यातून येत होतं.

पैसा नसलेल्याला मात्र पत्रच लिहावं लागे. सरकारी नेमणुकांची सूत्रं पुष्कळ वर्षं ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या हातात होती. पत्रं त्याच्याकडे येत. त्याने ती जपून ठेवली आणि आज ब्रिटिश लायब्ररीत त्याच्या कागदपत्रांचे खंडच्या खंड आहेत. या पत्रांची घडण ठरलेली असे. आधी ड्यूकच्या कृपेचं स्मरण, मग उमेदवाराचं कुळ, मग पदवी, मग निवडणुकीत त्याच्या घराण्याने कुणाला मतं दिली त्याची आठवण. शेवटी मुद्दा: अमुक ठिकाणचा डीन फार आजारी आहे. माणूस जिवंत असतानाच त्याच्या जागेसाठी पत्रं निघत. मेल्याची अफवा आली तरी निघत. मेल्यावर थांबलं तर घोडेस्वार दुसऱ्याचं पत्र घेऊन आधी पोचलेला असे. 1762 साली न्यूकॅसल सत्तेवरून गेला आणि त्याच्या दिवाणखान्यातली बिशपांची गर्दी पांगली. त्यातल्या अनेकांना त्यानेच बिशप केलं होतं.

पत्राने वाट उघडते, तशीच ती बंदही होते. लेखक जोनाथन स्विफ्टने हे दोन्ही पाहिलं. 1694 साली धर्मदीक्षा घेताना डब्लिनच्या आर्चबिशपने त्याच्याकडे वर्तणुकीचा दाखला मागितला. तो फक्त सर विल्यम टेंपलकडून मिळू शकत होता आणि स्विफ्ट त्यांच्याशी भांडून नोकरी सोडून आलेला. त्याला मानी स्वभाव गिळून क्षमेचं पत्र लिहावं लागलं. दाखला आला. पुढे 1713 मध्ये मंत्री त्याचे मित्र होते, त्याच्या लेखणीवर त्यांचं सरकार तगलं होतं, आणि त्याला इंग्लंडमध्ये एखादं डीनपद हवं होतं. पण त्याने डचेस ऑफ सॉमरसेटवर जहरी कविता लिहिलेली. ती राणी ॲनच्या अगदी जवळची. शिवाय त्याचं ‘अ टेल ऑफ अ टब’ हे पुस्तक राणीला धर्माची टिंगल वाटत होतं. मंत्र्यांचा शब्द राणीपुढे चालला नाही. शेवटी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सच्या डीनला बिशप करून ती जागा रिकामी केली गेली आणि स्विफ्टला तिथे धाडलं. घराचे आणि पहिल्या वर्षाच्या देण्याचे मिळून जवळपास हजार पौंडांचं कर्ज त्याच्या डोक्यावर बसलं. उरलेलं आयुष्य त्याने ही नेमणूक हद्दपारीच मानली.

या सगळ्या व्यवहारात बायका किती ठिकाणी दिसतात! चर्चमध्ये त्यांना कुठलंही पद नव्हतं, पण पद कुणाला मिळावं हे त्यांच्या शब्दाने ठरत होतं. राणी कॅरोलाइनच्या सेवेतल्या लेडी संडनला नामवंत धर्मगुरू पत्रं लिहीत. मात्र हीच वाट एका धर्मगुरूच्या नाशाला कारण झाली. विल्यम डॉड हा लंडनचा लोकप्रिय प्रवचनकार, राजाचा धर्मोपदेशक, राहणी उधळी, अंगावर कर्ज. 1774 मध्ये सेंट जॉर्ज, हॅनोव्हर स्क्वेअर हे श्रीमंत पॅरिश रिकामं झालं. लॉर्ड चान्सलरच्या पत्नीला निनावी पत्र आलं: नेमणूक करवून द्या, तीन हजार पौंड देतो. पत्राचा माग डॉडच्या बायकोपर्यंत लागला. राजाने त्याचं नाव धर्मोपदेशकांच्या यादीतून खोडलं. तीन वर्षांनी कर्ज फेडण्यासाठी त्याने आपला जुना विद्यार्थी लॉर्ड चेस्टरफील्ड याच्या नावे 4,200 पौंडांचा खोटा रोखा केला, पकडला गेला आणि 27 जून 1777 रोजी फासावर चढला. त्याच्या दयेच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या होत्या आणि अर्जविनंत्यांचे मसुदे डॉक्टर सॅम्युएल जॉन्सनने लिहून दिले होते. शिफारस करणारा माणूस मिळाला, पण तो जागेसाठी नव्हे, जिवासाठी. आणि तोही चालला नाही.

या कथेला तोल देणारी दुसरी कथा जॉर्ज क्रॅबची. सफोकच्या किनाऱ्यावरचा हा गरीब तरुण, वैद्यकीत जम बसला नाही म्हणून कविता घेऊन लंडनला आला. त्याने बड्या बड्या लोकांना पत्रं लिहिली. कुणी विचारलं नाही. 1781 मध्ये पैसे संपले, कर्जासाठी तुरुंगात जायची पाळी आली, तेव्हा त्याने अजिबात ओळख नसलेल्या एडमंड बर्क या राजकारण्याला पत्र आणि कविता नेऊन दिल्या. बर्क स्वतः पैशांच्या ओढाताणीत आणि राजकारणाच्या धामधुमीत होता. तरी त्याने कविता वाचल्या, क्रॅबला घरी ठेवून घेतलं, त्याला धर्मदीक्षा मिळवून दिली आणि ड्यूक ऑफ रटलंडकडे धर्मोपदेशक म्हणून लावून दिलं. पूर्वी ज्याने दाद दिली नव्हती त्याच लॉर्ड चान्सलर थर्लोने मग डॉर्सेटमधली दोन लहान पॅरिश दिली. ड्यूक वारल्यावर डचेसने शब्द टाकून ती दोन बदलून बीव्हर खोऱ्यातली दोन चांगली करून घेतली. ज्याला एकही ओळख नाही अशा माणसाने ओळख निर्माण केल्याचं हे उदाहरण आहे, आणि तसं उदाहरण विरळा आहे. बर्कच्या जागी दुसरा कोणी असता तर इंग्रजीला हा कवी मिळाला नसता.

याच काळात आपल्या कोकणपट्टीतले काही धर्मगुरू हीच वाट चालत होते. गोव्याच्या चर्चचा आश्रयदाता म्हणजे पोर्तुगालचा राजा. पोपने दिलेल्या ‘पाद्रोआदो’ या हक्कामुळे पूर्वेकडच्या बिशपांची नावं लिस्बनहून सुचवली जात. गोव्यात स्थानिक धर्मगुरू शेकड्यांनी होते, शिकलेले होते, पण वरच्या गाद्या युरोपियनांच्या. सतराव्या शतकात दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोला गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षाच नाकारली. तो रोमला गेला, तिथे दीक्षा घेऊन 1637 मध्ये बिशप झाला आणि आदिलशाही मुलखाचा कारभार घेऊन डिचोलीला येऊन राहिला. लिस्बनचं दार बंद असेल तर रोमचं ठोठवावं, हा पायंडा त्याने पाडला.

1771 साली काएतानो व्हितोरिनो फारिया हा धर्मगुरू पंधरा वर्षांच्या मुलाला, जुझे कुस्तोदियोला घेऊन लिस्बनला निघाला. त्याने आणि बायकोने संमतीने संसार सोडला होता, तो धर्मगुरू झाला होता आणि बायको जुन्या गोव्याच्या मठात नन झाली होती. लिस्बनच्या दरबारात ओळखी जोडून बापलेक रोमला गेले. मुलाला तिथे 1780 मध्ये दीक्षा मिळाली. लिस्बनला परतल्यावर त्याला राणी मारियासमोर प्रवचन करायची संधी मिळाली. समोरचा थाट पाहून त्याची बोबडी वळली, तेव्हा खाली बसलेला बाप कोकणीत पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि मुलगा सुटला. ही आख्यायिका गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. इंग्लंडमधला शिफारस करणारा बाप राजवाड्यातल्या माणसाच्या कानाशी लागे. या बापाला परक्या राजवाड्यात फक्त मुलाच्या कानाशी लागता आलं.

फारियांचं लिस्बनमधलं घर गोवेकरांचा अड्डा झालं. तिथे पणजीचा काएतानो फ्रान्सिस्को कूतो आणि दिवाडीचा जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोन धर्मगुरू येऊन राहिले. क्रांगानोर आणि मैलापूर इथल्या बिशपच्या गाद्या रिकाम्या होत्या. त्या मिळाव्यात म्हणून दोघांनी खटपट केली. 1774 मध्येच पोर्तुगीज सरकारने स्थानिक धर्मगुरूंना बरोबरीने वागवा अशा सूचना गोव्याला पाठवल्या होत्या, त्यामुळे मागणी वावगी नव्हती. ती फेटाळली गेली. दोघे परत आले. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या आश्रयाने धर्मगुरू आणि सैन्यातले नाराज लोक एकत्र जमू लागले आणि पोर्तुगीज राज्य उलथण्याचा कट शिजला. 1787 च्या ऑगस्टमध्ये तो फुटला. 47 जण पकडले गेले, त्यात 17 धर्मगुरू. 13 डिसेंबर 1788 रोजी पणजीत 15 जणांना हालहाल करून मारलं. ते सगळे धर्मगुरू नसलेले लोक होते. धर्मगुरूंना लिस्बनला नेऊन किल्ल्यात डांबलं, वर्षानुवर्षं खटला न चालवता. गोन्साल्विस निसटला. धाकटा फारिया पॅरिसला गेला आणि तिथे संमोहनविद्येचा अभ्यासक आबे फारिया म्हणून नावाजला.

कटाला सैन्यातल्या भेदभावापासून अनेक कारणं होती. सगळा भार दोन नाकारलेल्या नेमणुकांवर टाकणं चूक होईल. तरी बटलर आणि कूतो एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असं मला वाटतं. दोघे विद्वान, दोघे बाहेरचे. बटलरला टॅलबट भेटला, क्रॅबला बर्क भेटला. माणूस पाहून शब्द टाकणारा कोणीतरी त्यांच्यापर्यंत पोचू शकत होता, कारण बैठक, भाषा आणि रंग एकच होता. कूतोसाठी लिस्बनमध्ये असा माणूस नव्हता, आणि एकट्या कूतोसाठीच नव्हता असंही नाही. गोव्याच्या कुणासाठीच नव्हता. शिफारशीची पद्धत इंग्लंडमध्ये माणसांना मागे ठेवत होती, गोव्यात तिने अख्खा समाज दाराबाहेर ठेवला.

इंग्लंडमध्ये पुढच्या नेमणुकीची विक्री 1898 च्या कायद्याने बंद झाली आणि नेमणुकीचा हक्क विकण्यावर 1986 मध्ये पूर्ण बंदी आली. हक्क मात्र उरला आहे. आजही तिथल्या अनेक पॅरिशांचा आश्रयदाता एखादं कॉलेज, एखादा न्यास किंवा एखादं जुनं घराणं असतं. गोव्यात बिशपची गादी 1534 साली स्थापन झाली. त्या भूमीतला माणूस, बार्देशमधल्या बस्तोड्याचे राऊल निकोलाउ गोन्साल्विस, तिथे आर्चबिशप म्हणून बसले ते 1978 साली.